एकाच मीटरवर

दिवे गेले तेव्हा मी भट्टीच्या भोकातून आत डोकावत होते.

आत सगळं नारिंगी, जिवंत... आणि बाहेर एकदम काळोख. पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला, दुपारपासून चाललेली भट्टीची संथ गुणगुणही थांबली. खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या सगळ्या घरांत उजेड होता. म्हणजे वीज गेली होती ती फक्त आमच्या घराची.

मोबाइलच्या उजेडात मी भराभर जिना उतरले. मीटरची पेटी खाली, पोर्चमध्ये. शेवटच्या पायरीवर कुणाच्या तरी पाठीवर आदळले.

"सॉरी," ती पाठ म्हणाली, आणि वळली.

खालच्या मजल्यावर आदल्याच दिवशी राहायला आलेला माणूस. तोवर मी त्याचं फक्त खोकी ओढणं ऐकलं होतं. हातात जाड काळी वायर धरून तो उभा होता, अनोळखी मांजराची शेपटी चुकून हातात यावी तसा.

"काय केलंत तुम्ही?"

"मी फक्त... हे लावलं."

"हे म्हणजे?"

"गाडी. विजेची आहे. चार्जिंगला लावली, आणि..." त्याने हाताने सगळीकडच्या अंधाराकडे खूण केली. "तुमच्याकडे वर काय चालू होतं?"

"भट्टी."

"भट्टी?" तो घाबरला नाही, वैतागला नाही. त्याचा चेहरा उलट उजळलाच. "कसली भट्टी? वर, घरात?"

"मातीची भांडी भाजायची. विजेवर चालते. एका कॅफेसाठी कप होते आत, आणि शेवटचा तास उरला होता."

त्याने पटकन पेटीतला खटका वर केला. दिवे आले. त्याने मान थोडी तिरकी केली आणि म्हणाला, "वर टक्‌ झालं. तुमची भट्टी सुरू झाली वाटतं."

"तुम्हाला इथून ऐकू आलं?"

"माझा धंदाच कानांचा आहे. लोकांचे कान तपासतो, श्रवणयंत्रं बसवतो. घरोघरी जाऊन... म्हातारी माणसं असतात ना, त्यांना कुठे येता येतं."

दुसऱ्या कुठल्या संध्याकाळी मी यावर चार प्रश्न विचारले असते. त्या संध्याकाळी माझं डोकं भट्टीपेक्षा तापलेलं होतं. "हे बघा," मी म्हणाले, "भट्टी चालू असताना मला दार वाजवलेलं, हाक मारलेली, कुणी मध्ये आलेलं अजिबात चालत नाही. त्यात आता तुमची गाडी नको."

"लक्षात ठेवतो," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने, की जिना चढताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. कप निळे व्हायचे होते, ते ढगाळ निघाले. मध्येच काळपट ठिपके. सगळे पुन्हा करायचे. मी एक कप हातात घेऊन जिन्यात बसले होते, तेवढ्यात तो बॅग घेऊन कामावर निघाला.

"कसे निघाले?"

मी कप पुढे केला. त्याने तो फिरवून पाहिला, मग नखाने हलकेच टिचकी मारली आणि कानाशी धरला.

"छान आहे."

"खोटं बोलू नका."

"रंगाचं मला काय कळतंय? आवाजाचं सांगतोय. आतून पक्का भाजलाय."

मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – कानसेन.

आमच्या घरमालकीणकाकू अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहतात. त्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, समोर चहाचे कप ठेवले आणि चष्मा कपाळावर सारला.

"वीज कंपनीचा निरोप आलाय. आपला जुना प्लॅन बंद होतोय. नवे दोन आहेत, त्यातला एक महिनाअखेरपर्यंत सांगायचा. नाही सांगितला तर ते आपल्या मनाने लावणार. एकदा घेतला की वर्षभर बदलता येणार नाही. तुमच्या दोन मजल्यांना मीटर एकच, तेव्हा ठरवा तुम्ही दोघं मिळून. मला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही."

"आणि ते दिवे जाणं?" मी विचारलं.

"घराला मंजूर झालेला भार कमी पडतोय म्हणे. तोही वाढवून देतील, पण प्लॅन ठरल्यावर. तोवर एका वेळी एकच... भट्टी, नाहीतर गाडी." काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, त्या ह्या."

म्हणून मग आम्ही जिन्यात बसू लागलो. तो खालून तिसऱ्या पायरीवर, मी पाचवीवर. भट्टी नसेल त्या संध्याकाळी.

दोन्ही प्लॅन समजायला सोपे होते, निवडायला मात्र अवघड. पहिल्यात दिवसरात्र एकच दर. दुसरा खास विजेच्या गाड्यांसाठी निघालेला – रात्री दहा ते सकाळी सहा वीज अगदी स्वस्त, पण त्याची भरपाई म्हणून दुपार-संध्याकाळ भलतीच महाग. त्याची गाडी रात्रभर झोपून चार्ज होणार. त्याला दुसराच सोयीचा. माझी भट्टी दुपारी सुरू होऊन रात्री नऊला उतरायची. दुसरा प्लॅन घेतला, तर माझा कप सोन्याच्या भावाने विकावा लागला असता.

"तुम्ही रात्री भाजलं तर?" त्याने विचारलं.

"जुनी भट्टी आहे. बटणं हाताने फिरवत उष्णता वाढवावी लागते. शेवटी तर दर थोड्या वेळाने आत बघायचं. आत एक छोटा शंकू ठेवतात मातीचा. तो वाकला की समजायचं, झालं."

"वाकतो म्हणजे? कसा?"

मी बोट सरळ धरलं आणि हळूहळू खाली वाकवलं. तो त्या बोटाकडे असा टक लावून बघत राहिला की मी हात मागे घेतला.

"आणि डोळा लागला तर?"

"तर भट्टीत भांड्यांचा लगदा. मी एकदा रात्री करून पाहिलंय. पहाटे कधी पेंगले कळलंच नाही. एकट्या माणसाचं काम नाही ते."

"हं," तो म्हणाला. 

"आता तुमचं सांगा," मी म्हणाले. "गाडी रोज किती चालते? कंपनीची बाई फोनवर पहिलं तेच विचारत होती."

"असेल... तीसेक किलोमीटर."

"तीस? एवढ्यावर रोज चार्जिंगला लावावी लागते?"

"कधी थोडी जास्त होते."

"कुठे?"

"अशीच..." तो उठला. "चहा गार झाला तुमचा. नवा आणतो."

मला एखादी गोष्ट कळली नाही की ती माझ्या नखात अडकलेल्या मातीसारखी होते. सारखं लक्ष तिकडेच. त्याचा शेवटचा पेशंट पाचला संपतो, हे त्यानेच सांगितलं होतं. काही दिवशी तो साडेपाचला घरी असायचा. खालून भांड्यांचा आवाज यायचा, शीळ यायची. आणि काही दिवशी गाडी यायची ती थेट रात्री नवानंतर. कधी घराच्या वळणापर्यंत येते, तिथे जराशी रेंगाळते आणि पुढे निघून जाते, असंही मी वरून एकदा पाहिलं.

ताईला फोनवर सांगितलं. माझी ताई संसारात मुरलेली बाई.

"कुणीतरी असणार," ती म्हणाली.

"असू दे की. मला काय त्याचं?"

"काही नाही ना? मग मला पंधरा मिनिटं गाडीबद्दलच का सांगतेयस?"

"प्लॅन ठरवायचाय ताई. किलोमीटर माहीत हवेत."

"हो, हो. किलोमीटरच."

पुढच्या वेळी जिन्यात मी जरा आडून विचारलं. "संध्याकाळचे पेशंटही घेता वाटतं हल्ली?"

"नाही."

"मग मित्रमंडळी?"

"इथे फारसं कुणी ओळखीचं नाही अजून." तो माझ्याकडे बघून हसला. "ताकाला येऊन भांडं का लपवताय? सरळ विचारा ना."

"काय विचारू?"

"जे विचारायचंय ते."

मला कान तापल्याचं जाणवलं. "तुमच्याकडे बिस्किटं आहेत का, हे विचारायचं होतं."

"आहेत," तो गंभीरपणे म्हणाला आणि घेऊन आला. त्यानंतर दोघांनीही विजेचा विषय काढला नाही. त्याने मला त्याच्या एका पेशंट आजोबांची गोष्ट सांगितली. यंत्र बसवल्यावर त्यांना पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर स्वतःच्या चपलांचा आवाज. ते खोलीभर नुसते चालत राहिले. बायको म्हणाली, अहो, बसा आता. तर म्हणाले, तू बोल, मी तुझ्याभोवती चालतो.

मी ती गोष्ट रात्री झोपताना पुन्हा आठवली. का, ते माहीत नाही.

महिना संपत आला आणि एका सकाळी काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अगं, तुझा प्रश्न मिटला बहुतेक. कानाचे डॉक्टर दुसरी जागा बघताहेत. स्वतंत्र मीटरवाली."

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. मी गेलो की वरच्यांना हवा तो प्लॅन घेता येईल, म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला म्हण."

मी हो म्हटलं. वर आले आणि चाकावर गोळा ठेवला. तो तीनदा मध्यावरून सरकला. चौथ्यांदा मी चाक बंद केलं. खोकला गेला होता, तर मग छातीत हे काय अडकलं होतं?

त्याच दुपारी भट्टी लावायची होती. कॅफेचे कप दुसऱ्यांदा केले होते, वाळले होते, रंग चढला होता. लावली. खोलीत वाफ आणि वास कोंडतो म्हणून भट्टी चालू असताना मी रस्त्याकडची मोठी खिडकी उघडते, तशी उघडली. दोन तास झाले असतील, आणि भट्टीतली एक तार तुटली. अजून फार तापली नव्हती, म्हणून कपांना काही होणार नव्हतं. पण नवी तार आणल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. भट्टी बंद केली, खिडकी तशीच ठेवली आणि छत्री घेऊन विजेच्या सामानाच्या दुकानाकडे चालत निघाले.

दुकान तळ्यापलीकडे होतं. तार मिळेपर्यंत सहा वाजले. परतताना भुरभुर सुरू झाली, पाण्यावर बारीक काटा आल्यासारखी. तळ्याच्या कडेला, झाडाखाली, त्याची पांढरी गाडी उभी होती.

क्षणभर वाटलं, वळावं. ताई म्हणाली तसं आत कुणी असेल तर... पण पाय थांबले नाहीत. मी जवळ गेले आणि काचेतून आत पाहिलं.

तो एकटाच होता. सीट मागे टाकून, मांडीवर पुस्तक, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.

मी काचेवर टकटक केली. तो इतका दचकला की सफरचंद खाली पडलं. काच खाली आली.

"तुम्ही इथे? भट्टी सोडून?"

"भट्टी बंद पडली. तार तुटली."

"पण खिडकी तर उघडी हो—" तो थांबला.

भुरभुर चालू होती. छत्रीवर, गाडीवर. 

"आत या," तो शेवटी म्हणाला. "भिजताय."

मी आत बसले. गाडीत सफरचंदाचा वास होता. इंजिनाची घरघर नाही, काही नाही. इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यालाही येत असणार.

"खिडकी उघडी असली की तुम्ही घरी येत नाही," मी म्हणाले.

"नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"तुमचे कप डागाळले होते."

"म्हणून भट्टी असेल तेव्हा इथे येऊन बसता?"

"इथे, नाहीतर असाच फिरतो. मग पुन्हा येऊन खिडकी बघतो. फिरून फिरून चार्जिंग संपतं, आणि तुम्ही विचारता, गाडी किती चालते..." तो कसानुसा हसला. "काय सांगणार?"

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत काहीतरी टोचतही होतं. पण एक गोष्ट बसत नव्हती. मी ती मनात फिरवून पाहिली. नाहीच बसत.

"थांबा," मी म्हणाले. "गाडी चार्जिंगला लावली की दिवे जातात. नुसती पोर्चमध्ये उभी केली तर काही होत नाही. घरी येऊन आपलं आपलं बसता आलं असतं की तुम्हाला. नवानंतर वायर लावायची."

त्याने स्टिअरिंगवरचा न दिसणारा डाग अंगठ्याने पुसला.

"हे तुम्ही कधीतरी विचारणार, याची भीती होतीच."

"मग?"

"खालून सगळं ऐकू येतं," तो हळू म्हणाला. "तुम्ही अनवाणी चालता, ते. भट्टीपाशी स्टूल ओढता. आत बघायच्या आधी गुणगुणता, आणि बघताना एकदम गप्प होता. ते गप्प होणं ऐकलं की... वर यावंसं वाटतं. काहीतरी निमित्त काढून. आणि तुम्ही तर सांगून ठेवलंत, भट्टी चालू असताना कुणी आलेलं चालत नाही." त्याने खांदे उडवले. "घरात बसून न येणं फार कठीण जायचं. तळ्यावर बसून सोपं जातं."

काचेवरचे थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघायला धीर होत नव्हता.

"आणि म्हणून जागा बघताय दुसरी?"

"त्याने तुमचा प्रश्न सुटतो."

"माझा प्रश्न कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"एकसारखा दर. दुपारची भट्टी."

"पालथ्या घड्यावर पाणी," मी म्हणाले. "एवढे कान आणि ऐकू काही येत नाही."

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बोलायला सुरुवात केली खरी, पण आवाज माझाच वाटेना.

"मी असा विचार करत होते... रात्रीचा प्लॅन घेतला, तर तुमच्या गाडीला चांगला. भट्टीलाही चांगलाच, स्वस्त पडेल खूप. भार वाढवून मिळाला की दोन्ही एकदम चालतील. अडचण एवढीच, की आठवड्यातून दोन रात्री भट्टीपाशी कुणीतरी जागं लागेल. एकीला नाही जमत. दोघं असतील तर... आळीपाळीने."

त्याने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "भट्टी चालू असताना?"

"हो."

"बोललेलं चालेल?"

"हळू बोललेलं."

"मला तो शंकू वाकताना बघायचाय. त्या दिवशीपासून."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तू माझ्या बोटाकडे बघत होतास."

'तू' कसं निघालं, मलाच कळलं नाही. तोंडातून गेलं आणि गाडीत कुठेतरी तरंगत राहिलं. त्याने ते ऐकलं होतंच. त्याच्यासारख्याच्या कानातून काय सुटणार? त्याने हळूच हात पुढे केला, माझ्या मुठीतून छत्री सोडवली आणि मागच्या सीटवर ठेवली. मग तोच हात परत आला आणि माझ्या मातीने खरखरीत झालेल्या बोटांवर थांबला.

"तू म्हणालीस तर मी दिवसाही जागा राहीन," तो म्हणाला.

"आधी तार बसवायला मदत कर. कप अर्धवट पडलेत."

दोन दिवसांनी आम्ही वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. काकूंनी सही करून दिली होती आणि वर विचारलं होतं, "म्हणजे डॉक्टर जात नाहीयेत?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा नाकावर आणला, मला नीट पाहून घेतलं आणि तो कपाळावर परत सारला.

काउंटरमागे एक पोक्त बाई होत्या. त्यांनी एकेक गोष्ट टाइप करत विचारली. गाडी किती चालते?

"तीस किलोमीटर," तो म्हणाला. या वेळी न अडखळता.

"भट्टी केव्हा चालते?"

"रात्री दहानंतर," मी म्हणाले.

त्यांनी हात थांबवला. "रात्री? झोप कोण घेणार मग?"

"आळीपाळीने घेऊ," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं.

बाईंनी चेहरा सरळ ठेवला, पण ओठाचा कोपरा हलला. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "नीट विचार करून सांगा हं. लोक उत्साहात घेतात आणि दोन महिन्यांत भांडत येतात. यात एक वर्षाचं बंधन आहे. मध्येच सोडता येत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काउंटरखाली त्याची करंगळी माझ्या करंगळीत अडकलेली होती.

"एकच वर्ष?" त्याने विचारलं.